हरकतीचा महिना

चाकणच्या बाजारात उन्हाळी कांदा उतरायला लागला की गावाचा वास बदलतो. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग बाजाराच्या फाटकापासून मोठ्या रस्त्यापर्यंत येते. तिच्यात कंपन्यांच्या बस अडकतात, आणि दुसऱ्या शिफ्टला निघालेले लोक खिडकीतून डोकं काढून ट्रॅक्टरवाल्यांच्या नावानं ओरडतात. ट्रॅक्टरवाले शांत असतात. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं निम्मं रान त्याच कंपन्यांखाली गेलेलं असतं. थोडी वाट बघायला लावणं एवढाच त्यांचा मोबदला.

दुपारी वारा सुटतो आणि कांद्याची टरफलं गावभर फिरतात. तांबूस, कागदाहून पातळ. ती वाळत घातलेल्या कपड्यांत अडकतात, चपलेत सापडतात, दाराच्या फटीतून घरात येतात. यंदा आईचं कपाट आवरताना तिच्या निळ्या प्लास्टिकच्या फायलीत एक मिळालं. ते या वर्षीचं नव्हतं. त्याचा रंग उडाला होता आणि ते विवाहाच्या प्रमाणपत्राला चिकटून बसलं होतं. मी ते काढलं नाही.

त्या प्रमाणपत्रावरच्या वर्षीही हाच ऋतू होता. लग्नसराई ऐन भरात होती. आंबेठाण चौकात एका वेळी दोन-दोन वराती समोरासमोर यायच्या, दोघांचे बँजो एकमेकांत मिसळायचे आणि मधे कंटेनर उभा असायचा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या कमानींवर नवरा-नवरीची नावं फुलांनी लिहिलेली असायची. आमच्या आईचंही नाव त्याच महिन्यात लावलं गेलं. पुण्यात, विवाह अधिकाऱ्यांच्या कार्यालयातल्या काचेच्या फळ्यावर, आतून टाचणी मारून.

आई तेव्हा एका कंपनीच्या कँटीनमध्ये होती. माने काका त्याच कंपनीच्या गेटवर सुरक्षा विभागात होते. देहूरोडच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाल्यावर तिथं लागलेले. पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती. आईचंही तसंच. वडील गेले तेव्हा मी शाळेत होते. ती दोघं सकाळच्या बसला एकाच थांब्यावर उभी राहायची, आणि ते सगळ्या थांब्याला माहीत होतं. मला सर्वांत शेवटी कळलं. आईनं भाकरी थापता थापता सांगितलं, माझ्याकडं न बघता.

"येऊन-जाऊन राहायचं मला जमणार नाही, मने. दाराला आतून कडी लावून जेवायचं नाही मला. रीतसर करायचं."

रीतसर म्हणजे काय, यावर शेजारच्या आत्यांचं मत वेगळं होतं. आत्या जुन्या गावातल्या, जमीनवाल्या. आमची एक गुंठ्याची जागाही मुळात त्यांच्याच वावरातली. त्या अंगणात कांदे निवडत बसल्या होत्या.

"आळंदी हाय की हितं. सकाळी जायाचं, हार घालायचं, जेवायला घरी."

"पळून गेलेली पोरं जातात तशी जाऊ का, आत्या?"

"पळायला तुझं गुडघं तरी राह्यलेत का?"

आई हसली, पण ऐकलं नाही. आळंदीला लग्न लागतं, पुढं त्याची नोंदणीही होते, त्यात काही वावगं नाही, हे मी तिला सांगितलं. तिनं उलट विचारलं की नोटीस लावून करायचं असतं ते कोणतं. मी सांगितलं: त्याला विशेष विवाह म्हणतात. दोघांपैकी एकानं तरी जिल्ह्यात महिनाभर राहिलेलं असावं लागतं. अर्ज करायचा, नोटीस लागते, तिथून पुढं तीस दिवस थांबायचं. त्या मुदतीत कोणालाही हरकत घेता येते. कोणी घेतली नाही, तर तीन साक्षीदार नेऊन लग्न.

"कोणालाही?" आईनं विचारलं.

"कोणालाही."

"मग तेच करायचं. लागू दे फळ्यावर. ज्याला बोलायचं त्यानं तिथं येऊन बोलावं. पाठीमागं बोललेलं लई ऐकलं मी." मग तवा उतरवून ती म्हणाली, "पण एकानं जरी हरकत घेतली, तर मी हा विषय परत काढणार नाही. तूही काढायचा नाही."

ती जे बोलते ते करते. म्हणजे सगळं त्या एका महिन्यावर आलं.

मी त्या वेळी पिंपरीत एका दैनिकाच्या कार्यालयात होते. जाहीर नोटिशींचं पान तपासायला माझ्याकडे यायचं. या पट्ट्यात त्या पानाला कधी तोटा नसतो. अमुक गट नंबर, तमुक हिस्सा. कोणाचा हक्क, वारसा, गहाण, दावा असल्यास मुदतीत कळवावे, अन्यथा कोणाची हरकत नाही असे समजण्यात येईल. हे शेवटचं वाक्य मी इतक्या वेळा वाचलं होतं की ते दिसायचंच बंद झालं होतं. आईच्या अर्जानंतर ते प्रत्येक चौकटीतून वर यायला लागलं. जमिनीला विचारतात तसंच माणसालाही विचारतात, आणि गप्प राहणं म्हणजे होकार धरतात. आमच्याकडे मात्र गप्प बसणाऱ्या माणसांचा होकार असतोच असं नाही.

कागद गोळा करण्याचं काम काकांनी घेतलं. दारूगोळ्याच्या कारखान्यात सगळी नोकरी झाल्यामुळे त्यांना एक प्रत म्हणजे काहीच नसल्यासारखं वाटायचं. जन्माचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, फोटो, दोन्ही मृत जोडीदारांचे मृत्यूचे दाखले; प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स, प्रत्येकीवर तारखेसह सही. आत्यांना साक्षीदार व्हायचं होतं, म्हणून त्यांचंही आधार कार्ड काकांनी मागून नेलं.

"लगीन करतंय का लढाईला निघालंय ह्यो माणूस?" आत्या म्हणाल्या.

वडिलांचा दाखला घ्यायला मी आईबरोबर पिंपरीला गेले. वडील तिथल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात वारले होते. मूळ दाखला भविष्यनिर्वाह निधीच्या वेळी जमा केलेला, उरलेली झेरॉक्स पांढरी पडलेली. खिडकीवर आई पदर सावरून उभी राहिली. आतल्या माणसानं नाव विचारलं, साल विचारलं, मग अर्जदाराचं मृताशी नातं विचारलं. "पत्नी," आई म्हणाली. तिनं ते नेहमीपेक्षा जरा मोठ्यानं म्हटलं, असं मला वाटलं. दाखला छापून आला तेव्हा ऊन डोक्यावर होतं. पिंपरी कॅम्पाच्या बाजारातून जाताना आईनं एका दुकानापुढे थांबून साड्या पाहिल्या आणि न घेता पुढं निघाली. "आधी महिना जाऊ दे," म्हणाली.

नोटिशीचा अर्ज देताना पुण्याच्या कार्यालयातल्या मॅडमनी कागद एकेक उलटले. फायलीतून एक टरफल टेबलावर पडलं.

"हे काय?"

"कांद्याचं हाय, मॅडम. चाकणहून आलोय," आत्या म्हणाल्या. त्यांची अजून गरज नव्हती, पण त्या आल्या होत्या.

मॅडमनी ते फुंकलं नाही, बोटानं बाजूला सरकवलं. मग पत्त्याचा पुरावा हातात घेतला. "हे लाइटबिल साळुंखे यांच्या नावावर आहे. साळुंखे म्हणजे?"

"माझे मालक. वारले ते."

"दाखला आहे इथं. पण बिल अजून त्यांच्याच नावावर?"

"मीटर त्यांनीच बसवलं होतं," आई म्हणाली. एवढं पुरेसं आहे असं तिला वाटलं असावं. आधार कार्डावरचा पत्ता जुळत होता, त्यामुळे मॅडमनाही पुरेसं वाटलं.

या पट्ट्यात हे घरोघरी आहे. गेलेल्या माणसाचं नाव कोणी काढत नाही. लाइटबिलावर राहतं, घरपट्टीवर राहतं, गॅसच्या पुस्तकावर राहतं. त्यात माया असते असं मी म्हणणार नाही. नाव कमी करायला जायचं म्हणजे कचेरीच्या वेळेत जायचं, आणि कचेरीच्या वेळेत जायचं म्हणजे कंपनीत खाडा. खाडा झाला की हजेरीचा बोनस जातो. म्हणून मेलेली माणसं कागदावर नांदत राहतात. आमच्या वडिलांचं नाव रेशनकार्डावरही तसंच होतं. ते कार्ड नानांकडे होतं.

नाना म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. दोघे एकदमच मराठवाड्यातून आले होते, एकाच खोलीत राहिले, एकाच कार्डावर साखर घेतली. नाना भोसरीत राहायचे, एका फोर्जिंगच्या कंपनीत होते. वडील गेले तेव्हा अग्नी त्यांनीच दिला. दहाव्याला इंद्रायणीच्या काठी पिंडाला कावळा शिवेना. उन्हं वर आली, लोक कंटाळले, भटजी घड्याळ बघायला लागले. कोणी म्हणालं, पोरीत जीव अडकलाय. तेव्हा नानांनी पुढं होऊन मोठ्यानं सांगितलं होतं, "दादा, वैनीला काय कमी पडू देणार न्हाई." कावळा उतरला. मी तेव्हा एवढंच पाहिलं होतं की सगळे लगेच उठले आणि चपला शोधायला लागले.

नोटीस लागली त्याच आठवड्यात आई नानांच्या घरी गेली. बरोबर मी होते. तिनं पावशेर पेढे घेतले होते आणि नोटिशीची झेरॉक्स. नानांनी कागद उंच धरून वाचला. त्यांना वाचायला वेळ लागत नाही. तरी त्यांनी वेळ घेतला.

"हे काय वैनी?"

"पत्रिका समजा, भावजी."

"कामून करायल्या हे? काय कमी पडलं का तुमाला?"

"कमी काय पडलं नाही," आई म्हणाली. "जास्तीचं मागतेय."

काकू चहा घेऊन आल्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या. नानांनी पेढ्याचा पुडा उघडला नाही. घडी घालून कागद खिशात ठेवला आणि टीव्ही लावला. परतीच्या बसमध्ये आई खिडकीशी बसली. मोशीच्या टोलनाक्यापाशी बस थांबली तेव्हा म्हणाली, "भावजींनी घेतली हरकत तर त्यांना काही बोलायचं नाही. त्यांचा हक्क आहे."

त्या महिन्याच्या आठवणी मला सलग सांगता येणार नाहीत. उकाडा होता. रोज कुठं ना कुठं मांडव होता. आई लोकांच्या हळदीला जायची, ओट्या भरून घ्यायची नाही, जेवून यायची. काका आमच्या घरी यायचे बंद झाले. मुदत संपेपर्यंत नको, असं त्यांनीच ठरवलं होतं. थांब्यावरही ते आता रांगेच्या दुसऱ्या टोकाला उभे राहायचे. आत्यांना वेगळीच काळजी होती. त्यांच्या आयुष्यात नोटीस एकदाच आली होती, आणि ती आल्यावर वावर गेलं होतं. "हरकती आमी बी घेतल्या हुत्या," त्या आईला म्हणायच्या. "सगळ्यांनी लिवून दिल्या. कुनी वाचल्या न्हाईत. तुझ्या वक्ताला मातर वाचत्याल बग."

एकदा कामासाठी पुण्यात गेले असता मी कार्यालयात डोकावले. मुदत संपत आली होती. फळ्यासमोर एक मुलगी ओढणीनं तोंड बांधून आपली नोटीस शोधत होती. मिळाल्यावर तिनं काचेवर बोट ठेवलं आणि बरोबरच्या मुलाला दाखवलं. सगळे फोटो तरुण होते. त्यांच्यात आई आणि काका म्हणजे कोणाचे तरी पालक चुकून आत गेल्यासारखे दिसत होते.

आत बाकावर नाना बसले होते. कंपनीचा गणवेश, पायात सेफ्टी शूज, मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत रेशनकार्ड. भावाचं नाव कमी करायला इतक्या वर्षांत न घेतलेला खाडा त्यांनी आज घेतला होता. मला पाहून त्यांनी पिशवी मांडीवर सरळ केली. त्यांचा नंबर आला. मी दाराशी उभी राहिले; तिथून सगळं ऐकू येत होतं.

"कोण आपण?" मॅडमनी विचारलं.

"दीर. नवऱ्याचा भाऊ."

"कशाबद्दल हरकत आहे?"

"आमाला मान्य न्हाई."

"मान्य नसणं यात बसत नाही, काका." त्यांचा आवाज चढलेला नव्हता; असं त्यांना रोज कोणाला तरी सांगावं लागत असावं. "वय कमी असेल, संमती देण्याइतकी मानसिक स्थिती नसेल, निषिद्ध नातं असेल, किंवा आधीचा जोडीदार हयात असेल. यातलं काही आहे का?"

नानांनी पिशवीतून कार्ड काढून टेबलावर ठेवलं. "ह्याच्यात नाव हाय माझ्या भावाचं. सरकारचाच कागद हाय."

मॅडमनी आमची फाइल मागवली. उलटली. "मृत्यूचा दाखला जोडलेला आहे."

"कार्डात हाय ना."

मॅडमनी कार्ड उघडून नाव वाचलं. मग त्यांनी एक कोरा कागद नानांपुढे सरकवला. "मग तसं लिहून द्या. माझा भाऊ हयात आहे, एवढं एकच वाक्य. खाली नाव, पत्ता, सही. दिलंत तर साहेबांना चौकशी करावी लागेल. मी थांबवू शकत नाही."

नाना बाकावर येऊन बसले. त्यांचं अक्षर चांगलं आहे. खात्यातल्या अर्ध्या लोकांचे रजेचे अर्ज तेच लिहितात. प्रति, माननीय विवाह अधिकारी. विषय. महोदय. सगळं झरझर आलं. 'माझा भाऊ' एवढं लिहिलं आणि पेन थांबलं.

पंखा फिरत होता. कागदाचा कोपरा उडत होता आणि नाना तो अंगठ्यानं दाबून धरत होते. फळ्याजवळची मुलगी गेली, दुसरी दोघं आली. मी जाऊन नानांशेजारी बसले.

"लिवता येईना, मने," ते म्हणाले. "मीच दिलाय की अग्नी."

कागदाचा उडणारा दुसरा कोपरा मी धरला.

"मीच शब्द दिलता कावळ्याला. लोक काय म्हनत्याल, दीर असून वैनीला दुसऱ्याच्या दारात जावं लागलं."

"दुसऱ्याच्या दारात नाही, नाना. काकाच आपल्या घरी राहायला येणार आहेत." मग मीच पुढं म्हणाले, "आणि आई म्हणाली ना तुम्हाला. कमी नाही पडलं."

"म्हनली," ते म्हणाले. पेनाला टोपण लावून पुन्हा, "म्हनली व्हती खरी."

त्यांनी कागदाची घडी घातली. एकदा, दोनदा, मग आणखी लहान. मॅडमनी टेबलावरून विचारलं, "काका, देताय का?"

"न्हाई," नाना म्हणाले. "ह्याच्यात बसत न्हाई."

बाहेर गाड्यावर आम्ही उसाचा रस प्यायलो. नानांनी दोन ग्लास घेतले. ऊन तेवढंच होतं, रस्त्यावरचे भोंगे तेवढेच होते. पण त्यांनी शर्टाचं वरचं बटण उघडलं आणि मान मागं टाकून असा श्वास सोडला, की वाटलं, इतकी वर्षं कावळा शिवणार का नाही या काळजीत हा माणूसच काठावर उभा होता. घरी गेल्यावर मी आईला सगळं सांगितलं. ती शेंगा सोलत होती. ऐकून झाल्यावर तिनं हातातल्या शेंगा पुन्हा सुपात टाकल्या, उठली आणि चूळ भरून आली. "जेवले का ते?" एवढंच विचारलं.

तिच्या लग्नाला अंतरपाट नव्हता. विवाह अधिकाऱ्यांनी आधी प्रतिज्ञेचा नमुना वाचून दाखवला, मग दोघांनी तो म्हटला. आई वाचताना अडखळली नाही. तिनं तो आदल्या दिवशी पाठ केला होता. साक्षीदार मी, काकांचा मुलगा आणि आत्या. आत्यांनी सही करायला सर्वांत जास्त वेळ लावला. शेवटचं अक्षर गिरवून त्या म्हणाल्या, "ह्याच हातानं वावर दिलं. आज पैल्यांदा सही करून कायतरी घरात आलं." अधिकारीसुद्धा हसले. पुढची जोडी दारात उभी होती, म्हणून आम्ही लगेच बाहेर पडलो. आईनं कॅम्पातून घेतलेली साडी नेसली होती. जिन्यावर ती मधेच थांबली आणि कठड्याला धरून उभी राहिली. काका म्हणाले, "गुडघा?" ती म्हणाली, "नाही. झालं म्हणून."

नाना कार्यालयात आले नव्हते. आणखी एक खाडा परवडणार नव्हता. पहिली शिफ्ट सुटल्यावर ओव्हरटाइम न करता संध्याकाळी सरळ आमच्या घरी आले, गणवेशातच. जेवले. पेढाही खाल्ला. हात धुताना काकांना म्हणाले, "रेशनकार्डावरनं दादाचं नाव काढतो मी आता. पन मीटरवरचं तेवढं ऱ्हाऊ द्या."

"मीटर त्यांनी बसवलंय," काका म्हणाले. "आपण कोण बदलणार?"

यंदा कपाट आवरताना हे सगळं पुन्हा आलं ते त्या टरफलामुळे. बाहेर बाजाराची रांग आंबेठाण चौकापर्यंत गेली होती. आई कँटीन सोडल्यापासून दुपारी थोडी पडते, ती आत पडली होती. काका ओट्यावर बसून आत्यांना कांदे निवडून देत होते. चांगला, डागी, मोड आलेला, असे त्यांचे तीन ढीग. एवढ्यात बिल वाटणारा माणूस आला. नवीन होता. त्यानं बिलावरचं नाव वाचलं आणि गल्लीत उभं राहून मोठ्यानं विचारलं, "साळुंखे कोण? साळुंखे?"

काकांनी हात झटकले, टरफलं खाली पडली.

"इथंच," ते म्हणाले आणि उठून बिल घ्यायला गेले.